आधी अक्षर, अर्थ नंतर

काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी एकही चिन्ह न वापरता मराठीत वाक्य लिहून पाहावं. नामं भरपूर सापडतात: घर, वड, गवत, बदक, मदन, कमल. गाडी अडते ती क्रियापदापाशी. 'करतो', 'केलं', 'करील', 'करणार' या सगळ्यांना कुठलं ना कुठलं चिन्ह लागतंच. उरतं ते जवळजवळ एकच रूप, आज्ञार्थाचं: बघ, बस, कर, चल, पळ. म्हणून बिनचिन्हांची वाक्यं हुकमाचीच होतात. मदन, वड बघ. कमल, सरळ बस. मराठी शाळांत अनेक पिढ्यांनी वाचलेली पहिली वाक्यं याच घडणीची होती. त्यांत कोणी काही केलेलं नसतं, कोणाला काही झालेलं नसतं. काल नसतो, उद्या नसतो, 'म्हणून' नसतं आणि 'पण'ही नसतं.

ही वाक्यं वाचणारं सहा वर्षांचं मूल मात्र सगळे काळ बोलत शाळेत आलेलं असतं. 'काल मामा आला होता, त्यानं बकरी बांधली होती, पण दोर कच्चा होता म्हणून ती सुटली' हे त्याला सहज सांगता येतं. कारण, विरोध, आधीची घटना आणि नंतरची घटना असा सगळा पसारा त्या एका वाक्यात असतो. अशा मुलाच्या हातात शाळा जी पहिली छापील भाषा देते, ती दोन वर्षांच्या बाळाच्या बोलण्याहूनही तोकडी असते. ती वाक्यं लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सोपं आधी द्यावं आणि अवघड नंतर, एवढाच त्यांचा विचार होता. पण सोपं म्हणजे कशासाठी सोपं, हे ठरवताना त्यांनी फक्त डोळ्यांचा विचार केला. अर्थाच्या बाजूनं पाहिलं तर 'कमल, सरळ बस' हे वाक्य कोणी, कोणाला, का म्हणतंय हे कळायला काहीच आधार नाही. ज्यातून काही कळत नाही, ते वाचणं मुलासाठी सोपं कसं असेल?

आधी अक्षर, अर्थ नंतर, हा आपल्या शाळांनी फार पूर्वी घेतलेला निर्णय आहे. तो कुठल्या शासननिर्णयात लिहिलेला नसेल, पण वेळापत्रकात तो रोज दिसतो. जूनपासून दिवाळीपर्यंत मुळाक्षरं, दिवाळीनंतर स्वरचिन्हं, दुसरीत जोडाक्षरं आणि मग कधीतरी गोष्ट. ज्या मुलाच्या घरी पुस्तकं आहेत, झोपताना वाचून दाखवणारं कोणी आहे, त्याला या क्रमानं फारसा धक्का लागत नाही. वाचनातून काय मिळतं हे त्याला आधीच माहीत असतं, आणि अक्षरांचा कंटाळा तो त्या ओढीवर सोसतो. ज्याच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि वीजबिल, त्याला ही अक्षरं कुठे नेणार आहेत याचा पत्ताच नसतो. तो वाटेत थांबतो आणि अर्थापर्यंत पोचतच नाही. हे पुस्तक त्या थांबलेल्या मुलाबद्दल आहे.

अशी मुलं किती, याचा अंदाज आता आपल्याला आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५पासून होत आलेली 'असर' पाहणी शाळेत नव्हे, घरी जाऊन होते. मुलाच्या हातात एक साधा कागद दिला जातो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल यातलं काय वाचू शकतं, एवढंच नोंदवायचं. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं आणि २०२४मध्ये पुन्हा २७ टक्क्यांवर गेलं. वर्तमानपत्रांनी घसरणीची बातमी केली आणि मग सावरल्याचीही. माझी नजर २७ या आकड्यावरच खिळून राहते. शाळा सुरळीत चालू असतानाही तिसरीतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांना दुसरीची गोष्ट वाचता येत नव्हती. त्याचं खापर साथीवर फोडता येणार नाही. शिवाय ही चाचणी मोठ्यानं वाचण्याची आहे. वाचलेलं कळलं का, हा प्रश्न तिच्यात नाही. तो विचारला तर आकडा वर जाणार नाही.

पाहणीतून निकाल कळतो, वर्गात काय घडतं ते कळत नाही. त्यासाठी शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'लिरिल' हा अभ्यास शिक्षकांनी जरूर वाचावा. मराठीसाठी आजच्या पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कन्नडसाठी यादगीर, अशा दोन ठिकाणी त्यांनी पहिलीतली मुलं तीन वर्षं तिसरीपर्यंत पाहिली. त्याचा अहवाल २०१७मध्ये आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं, बाराखडी आणि फळ्यावरचं उतरवून घेणं यांत जात होता. मजकुरावर बोलणं जवळजवळ नव्हतं. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण. पहिलीत जी मुलं अक्षरांवर अडकली, त्यांना दुसरीत अक्षरं कोणी पुन्हा शिकवली नाहीत. अभ्यासक्रम पुढे गेला आणि मूल तिथेच राहिलं. म्हणजे जिथे सगळा वेळ खर्च झाला, ते अक्षरसुद्धा पदरात पडलं नाही. अर्थ पुढे ढकलून अक्षर पक्कं होतं, हा समजच त्यामुळे ढासळतो.

अक्षर पक्कं का होत नाही, हे समजायला आपल्या लिपीकडे नीट पाहावं लागतं. वाचन शिकवण्यावर जगात जो मोठा वाद झाला, तो मुख्यतः इंग्रजीचा आहे. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांचं 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक १९५५मध्ये आलं. त्यानंतर ध्वनी-अक्षरांची जोडणी शिकवावी की अख्खे शब्द ओळखायला लावावेत, यावर तिथे दशकानुदशकं भांडण चाललं. आपल्या डीएडच्या पुस्तकांतही अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती असे रकाने आले. पण इंग्रजीत मुळाक्षरं सव्वीस आणि स्पेलिंगचा घोळ मोठा. मराठीत उच्चार बराचसा लिपीप्रमाणे, पण चिन्हांचा पसारा मोठा. चौतीस व्यंजनांची बाराखडी केली की चारशे आठ अक्षरं होतात, आणि जोडाक्षरं त्यांत धरलेली नाहीत. शिवाय २००९च्या शासननिर्णयानंतर ॲ आणि ऑ वर्णमालेत आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. एवढा संच एका वर्षात कोणत्याही मुलाच्या अंगवळणी पडत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या संशोधनात अक्षरसंच शिकणं चौथी-पाचवीपर्यंत चालू राहतं असं दिसलं. कन्नडची घडण देवनागरीसारखीच आहे. जे काम चार वर्षांचं आहे, ते पहिलीतच उरकलं असं धरून आपण दुसरीचं पुस्तक उघडतो.

त्यात क्रमाचा प्रश्न आहे. 'गमभन' हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा क्रम, पण तो हाताच्या सोयीचा आहे. सारख्या वळणाची अक्षरं एकापाठोपाठ गिरवली की हात बसतो. वाचताना नेमकं हेच आडवं येतं. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य शेजारीशेजारी आले की डोळा गोंधळतो. तक्त्याचा क्रम वेगळा, क-ख-ग-घ असा उच्चारस्थानांप्रमाणे. तो भाषाशास्त्राच्या दृष्टीनं सुंदर आहे, पण मूल त्यात ङ आणि ञ यांच्यावर तेवढाच वेळ घालवतं जेवढा र आणि त यांच्यावर. तक्त्यावरची चित्रं हाही एक प्रश्नच आहे. ईडलिंबू, ऐरण, एडका यांतलं काय आजच्या मुलानं पाहिलेलं असतं? शब्दाच्या पहिल्या आवाजावरून अक्षर ओळखायचं, अशी सवय लावत आणलेल्या मुलाला मग 'बाणाचा ण' आणि 'बाळाचा ळ' भेटतात. तिथे आवाज एकदम शेवटी गेलेला असतो. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता. पण नियम बदलला आहे हे मुलाला कोणी सांगत नाही.

बाराखडीचं पाठांतर हा तर वेगळाच अनुभव आहे. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' ही चाल गावोगावच्या शाळांतून ऐकू येते. मुलं ती हौसेनं म्हणतात, कारण चाल छान आहे. एखाद्याला मधलाच 'कै' दाखवला की तो मनात 'क'पासून सुरुवात करून तिथपर्यंत येतो. शब्द वाचताना प्रत्येक अक्षराला ही फेरी मारावी लागली तर शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. पहिल्या वेलांटीचं तर लिहिणं अक्षराच्या आधी आणि उच्चार नंतर. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांतला फरक आपण कानाला ऐकवून शिकवू पाहतो, पण रोजच्या मराठी बोलण्यात तो बहुतेक ठिकाणी नीट ऐकूच येत नाही. तो फरक लिहिण्याच्या नियमांचा आहे आणि तो पुढे शिकवता येतो.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो, कारण अक्षर आणि अर्थ वेगळे काढता येत नाहीत याचा पुरावा खुद्द मराठीच्या लेखनातच आहे. 'करवत' हा शब्द मूल क-र-व-त असा चार पूर्ण अक्षरांनी लावतं. आपण बोलतो ते 'कर्‌वत्‌'. कुठल्या अक्षरातला अ गिळायचा हे कागदावर लिहिलेलं नसतं. ज्याच्या घरी करवत आहे तो मुलगा दुसऱ्या झटक्यात ओळखतो. ज्यानं हा शब्द कधी ऐकलेलाच नाही, तो चारही अक्षरं बरोबर म्हणूनही शब्दापर्यंत येत नाही. 'च'चंही तसंच. 'चार' मधला आणि 'चारा' मधला च एकाच खुणेनं लिहितात आणि वेगळे उच्चारतात. 'जग' हे दोन अक्षरांचं लेखन विश्व या अर्थी एका ज नं उच्चारायचं आणि 'जगणं' या अर्थी दुसऱ्या. वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरतच नाही. म्हणजे आधी नुसतं वाच आणि नंतर समजून घे, हे मराठीत अक्षरशः शक्य नाही. मूल बोलीतून मिळालेला शब्दसाठा आणि पानावरची अक्षरं एकाच वेळी वापरत असतं, आणि आपण त्याला सांगतो की बोलू नकोस, वाच.

मग अक्षरं शिकवूच नयेत का? तसं म्हणणारेही भेटतात. मुलांना पुस्तकांच्या सहवासात ठेवा, वाचन आपोआप येईल, असं ते म्हणतात. हे मला पटत नाही. सुशिक्षित घरातल्या काही मुलांचं तसं होतं. चारशे अक्षरांची लिपी मात्र बहुसंख्य मुलांना कोणीतरी पद्धतशीर, सराव घेऊन शिकवावीच लागते. माझा आग्रह एवढाच की ती अशा क्रमानं शिकवावी की पहिल्याच आठवड्यात तिच्यातून काहीतरी सांगता यावं. आ, क, म, ल ही चार अक्षरं आणि सोबत काना घेतला तर 'काल मामा आला' हे वाक्य लिहिता येतं. त्यात माणूस आहे, वेळ आहे, घडलेली गोष्ट आहे. त्यावर वर्गात बोलता येतं: कोणाचा मामा आला, कशानं आला, काय आणलं. एक र वाढवला की मुलं आपली वाक्यं आपण करू लागतात. काना दिवाळीपर्यंत थांबवण्याचं कारण काय, याचं समाधानकारक उत्तर मला कोणाकडून मिळालेलं नाही.

दिवाळीचा उल्लेख मुद्दाम केला. मराठवाड्यातल्या, विशेषतः बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं नेमकी त्याच सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेच्या वेळापत्रकात तो स्वरचिन्हांचा काळ. ही मुलं गावी येतात ती मुळाक्षरांवर थांबलेली, आणि मुळाक्षरांत तर 'बस' आणि 'बघ' एवढंच लिहिता येतं. काही मुलं कोयत्याबरोबर गेली म्हणून मागे पडली, हे खरंच. पण आपण निवडलेल्या क्रमानंही त्यांना रिकाम्या हातानं पाठवलं.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. आगरी, वारली किंवा कातकरी वस्तीतलं मूल 'पानी' म्हणतं आणि पुस्तकात 'पाणी' असतं. ते 'पाणी' हा शब्द बघून 'पानी' वाचतं. माझ्या मते त्यानं तो शब्द उत्तम वाचला, कारण अक्षरांवरून ते अर्थापर्यंत गेलं आणि तो शब्द त्यानं आपल्या बोलीत उच्चारला. बाई किंवा गुरुजी मात्र तिथेच थांबवतात आणि ण घोटून घेतात. दोन-चारदा असं झालं की मूल समजतं की वाचन म्हणजे आपल्या तोंडचं नसलेलं काहीतरी म्हणणं, आणि ते तोंड मिटतं. मेळघाटातलं कोरकू मूल किंवा गडचिरोलीतलं गोंड मूल तर याहून दूर उभं असतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्राविडी. त्यांच्यासाठी मराठी ही बोलीतला फरक नव्हे, सर्वस्वी दुसरी भाषा आहे. 'करवत' लावताना मदतीला येणारा शब्दसाठाच तिथे नसतो. अशा वर्गात पहिले कित्येक महिने मराठी ऐकायला आणि बोलायला मिळाली पाहिजे, आणि मुलांची भाषा वर्गात मानानं वावरली पाहिजे. अक्षरांचा क्रम कितीही सुधारला तरी ही जागा तो भरून काढणार नाही.

हे सगळं आपल्याकडे कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७मध्ये अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे शाळा मुलांकडे गेली. अंगणात अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा. पानं, बिया, खडे, शंख हेच साहित्य, आणि त्यांच्याभोवतीचं बोलणं हा पहिला धडा. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आजही वाचावं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनात मराठी वाचन-लेखनाचं काम वर्षानुवर्षं नेटानं केलं. त्या मूळच्या अमेरिकन आणि मराठीच्या भाषाशास्त्रज्ञ, त्यामुळे आपल्याला दिसेनाशा झालेल्या लिपीच्या अडचणी त्यांना बाहेरून येणाऱ्याच्या नजरेनं दिसल्या असाव्यात. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांचे स्वतःचे अनुभव हा लेखनाचा कच्चा माल झाला. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून 'क्वेस्ट' संस्था आश्रमशाळांतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना पायापासून वाचायला शिकवते, आणि 'गोष्टरंग'मधून नटांच्या तोंडून पुस्तकातल्या गोष्टी त्या मुलांपर्यंत नेते. मोठ्या मुलांना पहिलीचं पुस्तक न देता त्यांच्या वयाला शोभेल अशा मजकुरातून अक्षरं शिकवता येतात, हे तिथे दिसतं. हे प्रयोग टिकून आहेत, नावाजलेही गेले. जिल्हा परिषदेच्या साध्या वर्गात त्यांतलं फार थोडं पोचलं.

त्याला शिक्षक जबाबदार आहेत असं म्हणणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांचा मला राग येतो. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्यांचं काम, मागवलेले अहवाल हे सगळं त्यानंच करायचं. केंद्रप्रमुख आले की वहीत काय लिहून घेतलं ते पाहतात. मुलांशी गोष्टीवर अर्धा तास बोललं तर त्याची खूण कुठल्याच वहीत राहत नाही. मग शिक्षक फळ्यावर लिहितो आणि मुलं उतरवतात. मनात असूनही त्याला वेगळं करणं परवडत नाही. शिवाय पहिलीचा वर्ग शाळेतला सर्वांत अवघड, पण तो बहुतेकदा नव्या किंवा नाइलाजानं आलेल्या शिक्षकाला मिळतो. जुने-जाणते शिक्षक वरचे वर्ग घेतात. ही वाटणी बदलायला पैसा लागत नाही, मुख्याध्यापकाचं मन लागतं.

सरकारचं लक्ष या प्रश्नाकडे अलीकडे वळलं, ही चांगली गोष्ट आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला आणि ५ जुलै २०२१ला 'निपुण भारत' सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य त्यात आहे. 'अर्थ समजून' हे दोन शब्द त्यात आहेत याचा मला आनंद आहे. काळजी अशी की मोजायला सोपं ते साठ, आणि मोजलं जातं तेच शिकवलं जातं. त्यातही मराठीत शब्दांची मोजदाद वेगळी पडते. हिंदीत 'घर के सामने के पेड़ पर' हे सहा शब्द झाले. मराठीत 'घरासमोरच्या झाडावर' हे दोनच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि सामान्यरूपानं मूळ शब्दाचा चेहराही बदलतो. 'पाणी' ओळखणाऱ्या मुलाला 'पाण्यात' नवाच वाटतो. साठ शब्दांची एकच पट्टी सगळ्या भाषांना लावली तर मराठी मूल विनाकारण मंद ठरेल. मराठीसाठी वेगळं माप ठरवायला हवं, आणि ते मराठी वर्गांत बसून ठरवायला हवं.

पहिलीपासून किती भाषा असाव्यात यावर आपण जोरात भांडतो. इंग्रजी २०००मध्ये पहिलीपासून आली. हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ला निघाला आणि मोठ्या विरोधानंतर २९ जूनला मागे घेतला गेला. त्या दोन-अडीच महिन्यांत मराठीच्या अस्मितेवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या शतांशानंही पहिलीतल्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवतात यावर बोललं गेलं नाही. विरोध करणाऱ्यांत मीही होतो आणि माझं मत बदललेलं नाही. पण मराठी शाळेतून मराठी न वाचता येणारी मुलं बाहेर पडतात, हे दुखणं त्याहून जुनं आणि मोठं आहे.

घरांविषयी आणि पुस्तकांविषयी या ग्रंथात एक मोठं प्रकरण आहे. त्यातला मुख्य मुद्दा इथे सांगून ठेवतो. लिहिलेली मराठी आणि बोललेली मराठी यांत अंतर आहे. 'इतक्यात', 'त्यामुळे', 'असे म्हणून तो निघून गेला' असं आपण घरात बोलत नाही. ज्या मुलाला रोज वाचून दाखवलं जातं, त्याच्या कानाला ही भाषा आधीच ओळखीची होते, आणि स्वतः वाचताना पुढचा शब्द काय येणार याचा त्याला अंदाज बांधता येतो. म्हणून वर्गात शिक्षकानं रोज मोठ्यानं वाचून दाखवणं ही फावल्या वेळची करमणूक नाही. ते वाचन शिकवणंच आहे, आणि ज्याला घरी कोणी वाचून दाखवत नाही त्याच्यासाठी ते दुसरीकडे कुठेही होणार नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे'सारखी पुस्तकं आणि त्यांची चित्रमय गोष्टींची पुस्तकं मराठीत आहेत. शाळांच्या कपाटांतही ती बऱ्याच ठिकाणी सापडतात. फाटतील म्हणून कुलूप लावलेलं असतं. पुस्तकं फाटू द्यावीत. फाटलेल्या पुस्तकाच्या नोंदीसाठी शिक्षकाला खुलासा द्यावा लागू नये, एवढी सोय अधिकाऱ्यांनी करावी.

हे पुस्तक पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी आहे आणि ते सलग वाचायची गरज नाही. पहिली तीन प्रकरणं लिपीबद्दल आहेत. ती थोडी जड झाली आहेत, पण अक्षरांचा क्रम ठरवताना त्यांच्याकडे पुन्हा यावं लागेल. तिथे दिलेला क्रम हा नमुना आहे. कातकरी वाडीतल्या शाळेत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या वस्तीत तोच चालणार नाही, कारण मुलांच्या तोंडी असलेले शब्द वेगळे. शिक्षकानं आधी आठवडाभर मुलांचं बोलणं टिपावं, त्यातले शब्द निवडावेत आणि त्या शब्दांना कोणती अक्षरं लागतात ते पाहून क्रम लावावा.

परिशिष्टात छोट्या मजकुरांचा संच आहे. प्रत्येक मजकुराखाली एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मजकुरात सरळ लिहिलेलं नाही, ते समजून काढावं लागतं. जुलैमध्ये एकेका मुलाला जवळ बसवून यातला एक मजकूर वाचायला द्यावा. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा मजकूर देऊ नये. तोच मजकूर आपण वाचून दाखवावा आणि प्रश्न पुन्हा विचारावा. ऐकल्यावर उत्तर आलं तर मुलाची अडचण अक्षरांत आहे. ऐकूनही आलं नाही तर ती भाषेत आहे किंवा विषयाच्या ओळखीत. दोन्हींवरचं काम वेगळं आहे. पहिलं चौथ्या प्रकरणात सापडेल, दुसरं सातव्यात.